ते बोटीवर असतात

“बाय, मधी बस. कडंला बसशील तर लुगडा भिजंल,” काळुराम तांडेल म्हणाला.

हेमा मधल्या फळीवर सरकली. तिचे सासरे विश्राम समोरच्या फळीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबून धरली. घोडबंदरच्या धक्क्यावरून मचवा सुटला. वाऱ्यावर शीड एकदा फडफडले आणि भरले.

आठवडाभर वसईच्या खाडीच्या तोंडाबाहेर देवमासा दिसत होता. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि ठाण्या-कल्याणची माणसे तो बघायला येत होती. हेमा डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. इतक्या वर्षांत सुट्टी लागली म्हणून ती कुठे गेली नव्हती. या खेपेला विश्रामांनीच विषय काढला होता. “देवमासा बघून येऊ,” ते म्हणाले, तेव्हा त्यांची बायको रखमाबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. “तुम्ही या जाऊन. मला समुद्र बघायचा नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

देवमासा हे निमित्त होते. विश्रामांना आज सुनेला एक गोष्ट विचारायची होती आणि घरात, बायकोच्या कानावर जाईल अशी, ती विचारता येत नव्हती.

गुरुदत्त, त्यांचा एकुलता मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी होता. चव्वेचाळीस साली लढाईत ती बोट बुडाली. वाचलेल्यांत त्याचे नाव नव्हते, पण प्रेतही मिळाले नाही. हेमा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, लग्नाला वर्ष झाले नव्हते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, नंतर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग दिवस करायचे, अशी रीत. यंदा चैत्रात बारा वर्षे भरली. भटजी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा विश्रामांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. पुतळा जळला की सुनेचे कुंकू जाणार, आणि तिला विचारल्याशिवाय ते करायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. कल्याणच्या छापखान्यात आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द जुळवले होते. स्वतःचे चार शब्द त्यांना जुळत नव्हते.

मचव्यात आणखी एक जोडपे होते. ठाण्याचे कापडवाले पोपटशेठ आणि त्यांची बायको सगुणा. सगुणाबाईंनी डबा उघडून सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवले.

“खा हो आजोबा. आमच्या ह्यांना बोट लागते, ते काही खायचे नाहीत.”

“मला काही लागत नाही,” पोपटशेठ म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी मचव्याची कड धरली होती.

“मग डोळे का मिटलेत? मासा काय स्वप्नात बघणार?” सगुणाबाई हसल्या आणि हेमाकडे वळल्या. “तुझे मालक नाही आले गं?”

“ते बोटीवर असतात,” हेमा म्हणाली.

“अगंबाई! मग त्यांना त्या माशाचं मेलं काय कौतुक! रोज दिसत असेल.”

हेमा किंचित हसली. विश्रामांनी लाडू हातातच ठेवला. हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकले होते. शेजारणींना, शाळेतल्या बाईंना, रेशनच्या दुकानात. दर वेळी तेच तीन शब्द आणि तोच शांत आवाज. पोरीच्या मनात तो अजून जिवंत आहे, असे त्यांना दर वेळी वाटे. आज विचारायचे म्हणजे त्याला आपल्या तोंडाने मारायचे. त्यांनी ठरवले, विचारायचे नाही. भटजी तिसऱ्यांदा आले तर तिसऱ्यांदा परत पाठवायचे.

खाडीचे गढूळ पाणी मागे पडून निळे पाणी लागले तसा मचवा हलू लागला. बराच वेळ काही दिसले नाही. पोपटशेठ मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, “लोकांना बनवायला उठवलेली आवई आहे ही.”

“शेठ, आवय नाय. त्यो बघा,” काळुराम म्हणाला आणि लगेच ओरडला, “बोट नाय दाखवायचा कोनी! हात जोडा!”

डावीकडे पाणी फुगले. उपडी घातलेली होडी वर यावी तशी काळी, चकचकीत पाठ वर आली आणि येतच राहिली. मग फुस्सकन आवाज होऊन पाण्याचा फवारा उंच उडाला. त्याचे तुषार वाऱ्याबरोबर मचव्यावर आले. पोपटशेठ ताडकन उभे राहिले, सगुणाबाईंनी त्यांचे धोतर धरून त्यांना खाली ओढले. हेमाने हात जोडले होते. तिचे ओठ हलले.

“काय म्हणालीस?” विश्रामांनी विचारले.

“काही नाही, मामंजी. खरंच उडवतो कारंजं. मी थापा म्हणून हसले होते तेव्हा.”

कोणाला, ते त्यांनी विचारले नाही.

मासा आणखी एकदा वर आला आणि खाली गेला. काळुरामने शीड सैल सोडले, फळीखालून नारळ काढला आणि त्याला कुंकू लावले.

“आता परतायचा. पन त्याच्या आदी ह्यो दर्याला द्यायचा. ज्याच्या घरचा मानूस दर्यानं नेला, त्यानं त्याचा नाव घेऊन सोडायचा. नाय तर नुसता हात लावा नि फुडं द्या, मी सोडतो.”

पोपटशेठनी हात लावला. सगुणाबाईंनी हात लावून कपाळाला लावला. नारळ विश्रामांच्या हातात आला.

नुसता हात लावून पुढे द्यायचा, बस. पण त्यांची बोटे नारळावरून सुटेनात.

“आजा, द्या फुडं,” काळुराम म्हणाला.

“थांबा जरा,” हेमा म्हणाली. ती उठून त्यांच्या शेजारी आली. “मामंजी, माझ्याकडे द्या.”

तिने नारळ घेतला, कडेशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, “गुरुदत्त विश्राम.”

लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. त्यानंतर नवऱ्याचे नाव तिने कधी उच्चारले नव्हते. नारळ पाण्यात पडला, बुडाला, वर आला आणि लाटेबरोबर लांब जाऊ लागला. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मचवा परतीच्या वाटेला लागला. मग विश्रामांनी हळूच विचारले, “तुला केव्हापासून ठाऊक आहे?”

“तार आली त्या दिवसापासून. ते पोहणारे होते. जिवंत असते तर कुठूनही आले असते.”

“मग हे कुंकू?”

“सासूबाई सकाळी उठल्या की आधी माझ्या कपाळाकडे बघतात. मग चहा घेतात. मी कसं पुसणार?”

विश्राम म्हणाले, “आणि आम्ही दोघं तुझ्या कुंकवाकडे बघून गप्प बसलो. ती मला रात्री म्हणते, पोरीला आशा आहे, तुम्ही काही बोलू नका.”

“सासूबाई म्हणतात?” हेमाने चमकून वर पाहिले.

“तीच.”

हेमाने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकले. बारा वर्षांत तिला कोणी रडताना पाहिले नव्हते. ती फार वेळ रडली. काळुराम पाठ करून सुकाणू धरून बसला. पोपटशेठनी डोळे मिटून घेतले.

“भटजींना बोलावतो,” विश्राम शेवटी म्हणाले. “कुंकवाचं मात्र तू ठरव. ठेवायचं तर ठेव. कोणी काही बोललं तर मी बघेन.”

“आधी घरी सांगू या. आज मी सांगते त्यांना.”

“एकटी नको. मी बसतो तुझ्याजवळ.”

ओहोटी लागली होती. मचवा धक्क्यापर्यंत पोहोचेना. काळुरामने चिखलात फळ्या टाकल्या, पण त्या अर्ध्यातच संपल्या. सगुणाबाई आणि पोपटशेठ एकमेकांना शिव्या देत पुढे गेले. विश्राम आधी उतरले. गुडघ्याइतक्या चिखलात उभे राहून त्यांनी मागे हात केला. सासऱ्याने सुनेचा हात धरायची त्यांच्या घरात रीत नव्हती. हेमा क्षणभर थांबली आणि तिने हात दिला.

धक्क्यावर पुढच्या खेपेची माणसे उभी होती. “दिसला का हो?” कोणीतरी वरून विचारले.

“दिसला,” विश्राम म्हणाले. दोघे पायऱ्या चढून वर आले. पाय चिखलाने माखले होते. एस. टी.च्या थांब्यापर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.