कंसातला दवाखाना

मोताळ्याच्या वाचनालयात समता इंगळे नावाच्या दोन सभासद होत्या, आणि ग्रंथपाल वैजनाथ जोशींनी अठ्ठावीस वर्षांत त्यांची गल्लत एकदाही होऊ दिली नव्हती. रजिस्टरात दोघींच्या नावापुढे कंस होता. एक समता इंगळे (शिलाई), दुसरी समता इंगळे (दवाखाना). गावात कोण काय आहे हे कंसातच कळतं, नाव तर कोणीही ठेवून घेतं, असं वैजनाथांचं मत होतं.

त्यांच्या डोक्यात आणखी एक रजिस्टर होतं. हे मात्र ते कोणाला दाखवत नसत. पुस्तक वाचून परत करणारे, पानं दुमडणारे, आणि पेपरात आपला फोटो आला का एवढंच पाहायला येणारे, असे त्यात रकाने होते. तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव वाचनालय समितीचे अध्यक्ष जानराव यांचं होतं.

उन्हाळ्यात समितीने ठरवलं, या वर्षीपासून 'तालुका गौरव' द्यायचा. दवाखान्याच्या समताबाईंचं नाव वैजनाथांनीच सुचवलं. आरोग्यसेविका म्हणून चोवीस वर्षं त्या वस्त्यावस्त्यांवर फिरल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कोणी हरकत घेतली नाही, कारण समितीतल्या निम्म्यांच्या नातवंडांना पहिली सुई त्यांनीच टोचली होती. ठराव वैजनाथांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिला: 'श्रीमती समता इंगळे यांस गौरव प्रदान करण्यात यावा.' सवयीने कंस उघडायला पेन टेकलं, आणि थांबलं. सन्मानाच्या ठरावात 'दवाखाना' बरं दिसेना. त्यांनी तिथे पूर्णविराम दिला.

सन्मानचिन्हावर नाव कोरून आलं. त्याच आठवड्यात जानराव मोबाइल नाचवत आले.

"वैजनाथभाऊ, हे पाहा! आपली समता इंगळे!"

मोबाइलमध्ये एक मुलगी दोन गाण्यांच्या मधात हात उडवत बोलत होती. मुंबईच्या गाण्यांच्या चॅनलवरची निवेदिका. आजोबा मूळचे याच तालुक्यातले, आणि चुलतभावाच्या लग्नाला ती मलकापूरला येणार होती.

"छान आहे," वैजनाथ म्हणाले. "मंग?"

"मंग काय? गौरव तिलेच देऊन टाकू. लग्नाले येऊनच राह्यली. लय गर्दी होईन."

"अन् सिस्टर?"

"सिस्टर कुठी जाते? गावातच हाये. तिले पुढच्या वर्षी पाहू."

"जानरावसाहेब, ठराव त्यांच्या नावाचा आहे."

जानरावांनी रजिस्टर ओढलं, ओळीवर बोट ठेवलं. "समता इंगळे. वाचा ना तुमीच. कोन्ती हे कुठी लिहिलं हाये?"

समितीतले बाकीचे हसले. एकाने तर सन्मानचिन्ह पुन्हा कोरावं लागणार नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला. वैजनाथांना तोंडात अळी आल्यासारखं झालं. त्यांना थुंकायचं होतं, पण ओळ त्यांच्याच अक्षरातली होती.

कार्यक्रमाला हॉल भरला. अठ्ठावीस वर्षांत वाचनालयाचं दार न पाहिलेले लोक पहिल्या रांगेत होते. सिस्टर तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना जानरावांनी मुद्दाम निरोप धाडला होता: पुष्पगुच्छ तुमीच द्या, दोन समता एका फोटोत लय भारी दिसतीन.

मानपत्र वाचायचं काम वैजनाथांकडे होतं. जानरावांनी नवा कागद दिला होता, त्यात 'कलाक्षेत्रातील उत्तुंग झेप' वगैरे होतं. वैजनाथांनी तो खिशात घातला आणि आपण आधी लिहिलेला काढला. आता सगळ्यांना लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब होता.

"चोवीस वर्षं," त्यांनी सुरुवात केली, "आपण लसींचा डबा खांद्याला लावून वस्त्यावस्त्यांवर गेलात. नाल्याला पूर असताना सोनाळ्याच्या बाजूला एका बाळंतिणीसाठी बैलगाडीत रात्र काढलीत..."

त्यांनी मान वर केली. हॉल शांत होता. तिसऱ्या रांगेत सिस्टर खाली पाहत होत्या. मंचावर निवेदिका केस सारखे करून समोरच्या कॅमेऱ्यात पाहत होती. वय असेल सव्वीस.

वैजनाथ थांबले. कोणीतरी एकाने तरी उठावं.

टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या. ज्यांच्या घरची पोरं सिस्टरच्या हातून टोचली गेली होती ते सगळ्यांत जोरात वाजवत होते. जानराव तर उभे राहिले.

निवेदिकेने माइक घेतला. "थँक यू सो मच. हे सगळं ऐकून मी खूप इमोशनल झाले. माझ्या स्ट्रगलची दखल माझ्या मातीने घेतली."

पुन्हा टाळ्या. सिस्टर मंचावर आल्या, पुष्पगुच्छ दिला, फोटोपुरत्या थांबल्या आणि उतरून थेट बाहेर गेल्या. वैजनाथांनी समोरचे चेहरे एकेक करून मोजले आणि डोक्यातल्या रजिस्टरात एक चौथा रकाना आखला.

दुसऱ्या दिवशी हॉल झाडताना सन्मानचिन्ह खुर्चीखाली सापडलं. शाल निवेदिकेसोबत गेली होती, हे जड म्हणून राहिलं असावं.

"सिस्टरच्या घरी नेऊन द्या," जानराव फोनवर म्हणाले. "नाव तर तेच हाये ना! दोघीइचं काम झालं."

"कोणाचं उष्टं मी कोणाच्या ताटात वाढत नाही," वैजनाथ म्हणाले आणि फोन ठेवला. अध्यक्षांशी ते असं पहिल्यांदाच बोलले होते. विसरलेल्या वस्तूंच्या फळीवर, एक छत्री आणि दांडी मोडलेला चष्मा यांच्या मधात त्यांनी ते ठेवलं आणि चिठ्ठी चिकटवली: समता इंगळे (टीव्ही).

शनिवारी सिस्टर नेहमीसारख्या पुस्तक बदलायला आल्या. फळीकडे पाहून हसल्या.

"लोकाइनं टाळ्या वाजवल्या, सिस्टर," वैजनाथ म्हणाले. "तुमचं सारं ऐकून तिच्यासाठी वाजवल्या. मले तर किळस आली."

"तुमाले लोकाइचीच किळस आली का भाऊ?"

वैजनाथांनी रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. ठरावाची गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही.

"कंस काऊन नाही लिहिला?" सिस्टरनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"सन्मानाचा कागद होता. दवाखाना शब्द बरा दिसला नाही."

"हाव." त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, नव्या पुस्तकापुढे आपलं नाव लिहिलं, आणि पुढचा कंस स्वतःच्या हाताने, ठसठशीत, भरला. "चोवीस वर्षं मले त्याची लाज नाही वाटली. तुमाले एका ओळीत वाटली."

पुस्तक पिशवीत टाकून त्या आरोग्य उपकेंद्राकडे निघाल्या. लसीकरणाचा दिवस होता.