कोरं कपाळ

"तुम्ही तिला मॉर्फिनचं इंजेक्शन दिलेलंच नाही. आणि दिलं म्हणून लिहून मोकळे झालात!"

हिम्मतरावांनी वॉर्डातल्या टेबलावर हात आपटला. ड्यूटी डॉक्टर सारंग पुण्याचा. एरवी इथं परमुलखात मराठी ऐकली की काका-काका करायचा. आज त्यानं स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवली.

"दिलंय, काका. सिस्टममध्ये आहे. संध्याकाळपर्यंत दुसरा डोस उघडतच नाही."

"हौ, सिस्टममध्ये आहे. बाईच्या अंगात कुठाय? सिस्टरनं आधी खूण केली, मग सुई घ्यायला वळली. तेवढ्यात पलीकडचा पेशंट कोसळला, ती तिकडं धावली. ड्यूटी संपली, घरी गेली. मी तिथंच बसलो होतो."

"बाबा, हळू," मुलगी माधवी कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू दे की. डॉक्टर सोडून सगळे बघतायत!"

खाटेवर त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. कॅन्सर हाडांत उतरला होता. उशीचा कोपरा दातांत धरलेला.

दातांतून येणारा तो आवाज हिम्मतरावांच्या ओळखीचा होता. फौजेत ते नर्सिंग असिस्टंट होते. लंकेतल्या लढाईतून जखमी जवान मद्रासला आणणारं जहाज, खाली डिझेल आणि ओकारीचा वास. कागद रक्तानं भिजायचे, म्हणून मॉर्फिन टोचलं की जवानाच्या कपाळावर जांभळ्या औषधानं 'एम' काढायचा. एम दिसला की पुन्हा टोचायचं नाही, नाहीतर श्वास बंद पडायचा.

एकदा कुणीतरी घाईत शिवराज नावाच्या पोराच्या कपाळावर आधीच एम काढला. जहाज कललं, भरलेली काचेची सिरिंज त्याच्या हातातून पडून फुटली. हिम्मतरावांनी ती फुटताना पाहिली. त्यानंतर जो येई तो कपाळ वाचून पुढं जाई. पोरगं गुरासारखं हंबरत होतं.

"दिलंय त्याला," जहाजावरचे डॉक्टरसाहेब म्हणाले. "नाटकं करतोय."

साहेबांची पाठ वळली तसा हिम्मतरावांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पोराचं कपाळ घासून कोरं केलं. पुढच्या फेरीत त्याला सुई मिळाली.

"डॉक्टरसाब, अम्मा कबसे तडपरे," वॉर्डातल्या शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली.

"सिनियर आले की बघतो," सारंग म्हणाला.

"अहो," पद्मावतीबाईंनी उशी सोडली. "भांडू नका. दुखणं कमी आलंय मला."

चादर मात्र मुठीतून सुटली नव्हती. आयुष्यभरात या बाईला धड खोटं बोलता आलं नाही.

हिम्मतरावांनी ट्रेमधला बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. टेबलाशी आले. सारंगच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो स्क्रीनवरून फिरवला. एकदा. पुन्हा, दाबून. काच लख्ख झाली. हिरवी खूण होती तिथंच राहिली.

"कपाळावरची पुसली होती मी," ते म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता. "ही कशानं पुसू? सांगा ना, डॉक्टर. कशानं पुसू?"