‘स्टूप’चा चौथा अर्थ
ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. बांधकाम कंपनीत एकोणतीस वर्षं लाद्या बसवताना केसाएवढा तिरकेपणाही त्याला खपला नाही, म्हणून बरोबरच्या लोकांनीच भिंतीचा सरळपणा तपासणाऱ्या ओळंब्याचं नाव त्याला चिकटवलं होतं. पुढे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली, सकाळी मोजे घालणंही जमेना, तेव्हा डॉक्टरांनी इंग्रजीत एका ओळीची चिठ्ठी दिली: ‘कॅनॉट स्टूप टू फ्लोअर वर्क.’ ती ऑफिसात देऊन त्याने गोदामातलं बसून करायचं काम मागितलं.

आठ दिवसांनी हातात पडली ती नोटीस. फरशीचं काम आपणांस कमीपणाचं वाटतं असं आपण लेखी कळवलं आहे, तरी खुलासा करावा.

ओळंबा भरल्या ताटावरून उठला. आपण असं कधी म्हटलं, हेच त्याला कळेना. त्याची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने चिठ्ठीची प्रत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती ऑफिसात गेली. नोटीस काढणाऱ्या कारकुनाने शांतपणे शब्दकोश तिच्यापुढे सरकवला. स्टूप: एक, वाकणे. दोन, पाठीला पोक असणे. तीन, ससाण्याने भक्ष्यावर झेप घेणे. चार, न शोभणाऱ्या गोष्टीपर्यंत खाली उतरणे. चौथ्याखाली पेन्सिलीची रेघ होती. पुढे ‘टू’ आला की बहुतेक हाच अर्थ घेतात, असं त्याचं म्हणणं. त्यात तो अगदीच चुकत नव्हता, म्हणून तर तिचा जास्त संताप झाला.

“मणक्याच्या डॉक्टरांनी लिहिलंय हे,” ती म्हणाली. “ते माणसाचा गर्व तपासतात का?”

कागदावर आहे तेच मी वाचणार, डॉक्टरांकडून दुरुस्त करून आणा, असं सांगून त्याने शब्दकोश मिटला.

डॉक्टरांकडे दीड तास ताटकळावं लागलं. आपलं इंग्रजी तपासायला कुणी यावं हे त्यांना रुचलं नाही. कुरकुरतच त्यांनी स्टूप खोडून बेंड लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून कारकुनाने ती चिठ्ठी परत केली. तिने नवी आणली, तर दोन चिठ्ठ्यांत फरक का, याचा वेगळा खुलासा मागितला. तोवर ओळंबा तीन आठवडे रांगत रांगत लाद्या बसवत होता.

शेवटी मुलगी त्याला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरली. काय बोलायचं ते तिने घोकून आणलं होतं, पण तोच आधी बोलला.

“साहेब, याच कामावर मी हिला शिकवलं. कमीपणा वाटला असता तर इतकी वर्षं वाकलो असतो का? आता कंबर वाकत नाही, एवढंच.”

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि सोमवारपासून त्याला गोदामात घेतलं. नोटीसही रद्द करा, असं मुलगी म्हणाली, तेव्हा मात्र ते कंटाळले. काम मिळालं ना, मग उगाच कशाला उकरून काढता, म्हणाले. नोटीस फायलीत तशीच राहिली.

जिना उतरताना ओळंबा तिला म्हणाला, सोडून दे आता. तिला सोडवेना. घरी येऊन ती नोटीस रद्द करण्यासाठी अर्ज लिहायला बसली. प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ निघायला हवा होता. पहिल्याच वाक्याशी ती अडली आणि तिने चौथा कागद चुरगळून टाकला.