सोनमचा चर

नारायण सरांनी नववीच्या बत्तीस पोरांचे चार गट पाडले आणि वडूजजवळच्या त्या शाळेमागच्या माळावर प्रत्येक गटाला पंचवीस फूट चर आखून दिला. पाणी मुरवायचे चर. पोरांना एकमेकांच्या साथीनं काम करायला शिकवा, असं वरून पत्र आलं होतं. ज्यांचा चर आधी, त्यांना शील्ड, असं सरांनी फळ्यावर लिहिलं. त्यांची बायको, उमा, वारून पाच महिने झाले होते. यापेक्षा जास्त डोकं चालवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

शुक्रवारी तीन चर झाले. चौथ्यात सोनम एकटी टिकाव मारत होती. शील्ड गेलं म्हटल्यावर तिच्या गटातली पोरं एकेक करून सावलीला जाऊन बसली होती. त्यातच वरच्या गटानं आपली माती हिच्या चरात लोटली होती.

"आमचं झालं, सर," वरच्या गटातला रविराज म्हणाला. "तिच्या चराचं आमाला काय?"

"लय शाणा हायस. टाकलेली माती घिऊन जा की मग घरला," सोनम म्हणाली. तिनं टिकाव टाकला आणि फोड आलेले हात ओढणीत गुंडाळून निघून गेली. सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही.

मुलगी शाळेतून गळली की उमा तिच्या घरी जायची. सर नुसते बरोबर असायचे, चहा प्यायचे. बुधवारी ते एकटेच धनगरवस्तीवर गेले.

सोनमचे वडील आप्पासो यांच्या दारात मेंढरांची लोकर कातरणं चाललं होतं. वस्तीवरचे सात-आठजण सावडीला आले होते. आज याची मेंढरं, उद्या त्याची, अशी तिथली रीत.

"पोरगी शाळंला न्हाई म्हणती, सर," आप्पासो म्हणाले. "सोमवारी आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला निघणार. संगं आली तर हाताखाली हुईल."

"वर्ष वाया जाईल हो तिचं."

"मग एकटीला का राबवली?"

तेवढ्यात गुंडा नावाच्या म्हाताऱ्यानं एका मेंढीचे पाय त्यांच्या हातात दिले. "मोकळं का हुबं, मास्तर? धरा."

सर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सगळ्यात आधी कुणाचं होतं?"

सगळे हसले. गुंडा म्हणाला, "आवं, ही काय बैलगाडीची शर्यत हाय? ज्याचा हात चालंना, त्याच्यापाशी दुसरा जाऊन बसतो. शेवटचं मेंढरू हुईस्तवर कोण जेवाया उठत न्हाई."

मेंढी कातरून होईपर्यंत सरांनी तिचे पाय धरून ठेवले. मग म्हणाले, "आप्पासो, चूक पोरांची नाही. शर्यत मीच लावली. उद्या एक दिवस पाठवा तिला. नाहीच पटलं तर सोमवारी न्या."

सोनम दारामागून ऐकत होती. "रविराजला माती उपसाया लावणार काय?"

"लावतो."

"लावू नका. तुमी सांगून केलं तर त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी गट मोडले. "शील्ड कुणालाच नाही. चूक माझी. आता राहिलाय तो चर सगळ्यांचा," एवढंच बोलून ते स्वतः घमेलं घेऊन चरात उतरले. पोरं कुरकुरली. आधी दोन मुली उतरल्या, मग त्यांच्यामागं बाकीची. अर्ध्या तासानं रविराज आला. तो टिकाव घेऊन खणायला लागला.

अकराला सोनम आली, दप्तराशिवाय. काठावर उभी राहून रविराजचं खणणं बघत राहिली.

"आरं, टिकाव असा धरत्यात व्हय? पाय तोडून घेशील."

"मग दाव की. नुसती बोलतीस."

तिनं टिकाव घेतला. त्यानं घमेलं उचललं.

दुपारी ती सरांजवळ आली. "मी शाळंसाठी हितंच चुलतीकडं ऱ्हाईन. पण आप्पांना तुमी सांगा. मी बोलले की वरडत्यात."

"संध्याकाळी येतो," सर म्हणाले. कंबर धरली होती. वस्ती तीन किलोमीटर होती, आणि लोकांना समजावणं त्यांना कधी जमलं नव्हतं. तरी आप्पासोंना पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं.