शेवटची चाळीस पानं

मी एक रहस्यकादंबरी बोलतेय. ‘गोदामातला तिसरा दिवा’ हे माझं नाव. मुखपृष्ठ केव्हाच गेलं, पाठ चिकटपट्टीवर तगून आहे, पण दोनशे सोळा पानांतलं एकही पान हरवलेलं नाही. हे मुद्दाम आधीच सांगतेय, कारण माझ्यावर काढलेला सिनेमा सपशेल पडला तेव्हा लोक म्हणाले, “मूळ पुस्तकच तसलं असणार.” मी तसली नाही. आणि हे सगळ्यांना पटल्याशिवाय मी काही रद्दीत जायची नाही.

माझी सुरुवात साताऱ्याच्या एका वाचनालयात झाली. अकराव्या पानावर तिथला जांभळा शिक्का अजून आहे. त्या शिक्क्याखाली एका वाचकानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं, ‘खुनी - कंपाउंडर’. खुन्याचं नाव आधीच फोडणारे महाभाग तेव्हा प्रत्येक वाचनालयात असत. हा त्यांच्याही वरचढ. त्यानं मला शेवटपर्यंत वाचलं होतं, खरा खुनी त्याला पक्का ठाऊक होता, आणि पुढच्यांची फजिती व्हावी म्हणून त्यानं जाणूनबुजून खोटं नाव लिहिलं.

त्र्याहत्तर साली पद्मिनीनं मला घरी नेलं. ती त्या पेन्सिलीला बधली नाही. तिनं शेवटची चाळीस पानं लागोपाठ दोनदा वाचली. त्या पानांत गोदाममालकाची बहीण नंदा कबुली देते. त्याआधी पावणेदोनशे पानं ती नुसती चहा आणून ठेवते आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

पद्मिनीचं लग्न ठरलं होतं, मुलगा अमेरिकेत होता. मला परत करण्याऐवजी तिनं साड्यांच्या घडीत ठेवलं आणि मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आले. त्या वाचनालयाची माफी मागायची राहून गेली, ती इथं मागते.

श्रूजबरीच्या घरी तिथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगा होत. काका लोक तावातावानं बोलत, पद्मिनी चहा देई. सगळे गेले की ओट्यापाशी उभी राहून ती मला शेवटून उघडी आणि दोन पानं वाची. फक्त शेवटचीच. असं तीस वर्षं चाललं. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

तिचा मुलगा देव इथंच जन्मला. मराठी समजतं, अर्धंमुर्धं बोलतो, वाचता मात्र येत नाही. नोकरी व्हिडिओ एडिटिंगची, आणि एक तरी सिनेमा काढायचाच हा ध्यास. दोन हजार सहामध्ये आईची साठी येत होती. “आईचं फेव्हरेट बुक! त्याचीच फिल्म करतो,” त्यानं ठरवलं. आईला सरप्राइज द्यायचं म्हणून त्यानं मला गुपचूप उचललं आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या श्रीरामकाकांकडे नेलं.

श्रीरामकाका निवृत्त केमिस्ट. स्वभावानं लाख माणूस, पण सगळं आपल्याला आधीच कळलेलं असतं अशी खात्री. ते दर रविवारी मला वाचत आणि देवला इंग्रजीत गोष्ट सांगत. अकराव्या पानावर त्यांचे डोळे चमकले. पेन्सिलीतलं काही ते बोलले नाहीत. म्हणाले, “देव, खुनी कंपाउंडरच बघ. इतक्यातच ओळखलं मी!”

एकशे शहात्तराव्या पानावर त्यांनी मला मिटलं. “पुढे काही नाही रे, नुसती रडारड. कंपाउंडरला अरेस्ट होते, संपलं.”

मी किंचाळले असते, पण पुस्तकाला ती सोय नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. काय सांगू! साताऱ्याचं गोदाम म्हणून कुणाचं तरी बेसमेंट, मागे बासमतीच्या पिशव्या, खिडकीबाहेर ढीगभर बर्फ. ते मी सोसलं असतं. पण शेवटी कंपाउंडरला बेड्या पडल्या आणि कुणालाच काही पटेना. चहात विष त्यानं का घालावं? नंदा झालेल्या शैलजाकाकू तीनदा चहा घेऊन आल्या आणि गेल्या. मागच्या रांगेतली माणसं आधीच सामोशांकडे सरकली होती. टाळ्या वाजल्या त्या साठीच्या केकला.

घरी आल्यावर देवनं विचारलं, “आई, यू हेटेड इट, ना?”

पद्मिनी म्हणाली, “तू तिला बोलूच दिलं नाहीस रे.”

“हू? कोणाला?”

“नंदाला.”

दुसऱ्या दिवशी श्रीरामकाका खाली मान घालून आले. “पद्मिनी, चूक माझी. अकराव्या पानावर लिहिलं होतं ना, म्हणून शेवटची पानं मी... वाचलीच नाहीत.”

देव आईकडे वळला. “मग तू सांग. व्हॉट हॅपन्स? मी परत शूट करतो.”

“मी सांगणार नाही,” पद्मिनी म्हणाली. “काकांनी सांगितलेलं ऐकलंस, त्याचं काय झालं ते बघितलंस. आता स्वतः वाच.”

“आई, आय अ‍ॅम ट्वेंटी-नाइन!”

“मग? अ आ इ ई शिकायला वयाचा दाखला लागतो का?”

मला वाटलं, हा आता मला परत कपाटात टाकणार. पण पोरगा आईसारखाच हट्टी निघाला. मंडळाच्या मराठी शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांशेजारी, गुडघे छातीशी घेऊन, लहानशा खुर्चीवर तो बसला. मुलं हसली, तोही हसला आणि पुढच्या रविवारी परत गेला. जोडाक्षरांनी त्याला रडवलं. त्यानं रजा घेतली नाही.

आता दोन हजार आठ चाललंय. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी उघडी असते. देव ओळीखाली बोट धरून वाचतो. पद्मिनी पाठमोरी, पोळ्या करत असते. तो अडला तरी ती वळत नाही.

परवा तो एकशे सत्त्याहत्तराव्या पानावर पोहोचला. नंदाच्या कबुलीचं पहिलं वाक्य त्यानं तीनदा धडपडून वाचलं: “आजवर मला कुणी काही विचारलंच नाही.”

बोट तिथंच थांबलं. त्यानं मान वर केली आणि आईच्या पाठीकडे बघत राहिला.

“आई,” तो म्हणाला, सगळं मराठीत, “तू हे पुस्तक का आणलंस?”

पद्मिनीनं गॅस बंद केला. हात पुसले. खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली.

“सांगते,” ती म्हणाली. “पण आधी हे सगळं वाच. आणि या वेळच्या सिनेमात नंदाचं काम मी करणार आहे.”

चाळीस पानं बाकी आहेत. माझा कणा तोवर टिकेल, टिकवीनच मी. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी मिटून पडलं असेल, तर एवढंच करा, त्याला शेवटपर्यंत वाचा. समासात दुसऱ्यानं काय लिहून ठेवलंय, त्यावर जाऊ नका.