जैबूनबीचा खुंटा

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही म्हणाल, हा वीतभर लाकडाचा दांडका कसला? अहो, मी एका जुन्या जात्याचा खैराचा खुंटा आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या लाकडातच नाही.

कंपनी सरकारचा अंमल नुकताच बसला होता, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर सुताराने मला तासलं. मी जैबूनबीच्या जात्यात बसलो. तिचा तांडेल नवरा गलबत घेऊन आखातात जायचा. तिला अक्षर येत नव्हतं. दळता दळता ती ओव्या रचायची. पहिली ओळ तिची. समोर दळायला बसेल तिने माझ्यावर हात ठेवून दुसरी म्हणायची, अशी घरची रीत. काय माझा तोरा होता तेव्हा! आईकडून लेकीकडे ओव्या अशाच आल्या.

मग गावात गिरणी आली. जातं अंगणात पडलं. जैबूनबीच्या लेकींच्या वंशातली अनीसा लग्न होऊन कतारला निघाली, तेव्हा तिने मला ओढणीत गुंडाळून आणलं. पण तिथल्या मेसईद शहरातल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटे, म्हणून मला त्याखाली सारलं. तिथे मी नुसता तळमळत पडलो.

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्डकपची धावपळ सुरू झाली. अनीसाच्या नवऱ्याला, हमीदला, लुसैलच्या स्टेडियमवर काम मिळालं. घर हलवायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात गावी अनीसाची आई वारली. आता ओव्या येणारी अनीसाच उरली.

लेक इकराने फोन पुढे धरला. "मम्मी, जस्ट से इट! आय विल रेकॉर्ड."

पहिली ओळ आली. पुढे काहीच नाही. अनीसाचे डोळे भरले. "दुसरी अम्मा म्हणायची गे. माज्या हातात हाय, तोंडात नाय."

"यल्ला, चला चला, गाडी आली!" म्हणत हमीदने मला भंगाराच्या खोक्यात भिरकावलं. मी खाडकन आदळलो. तो आवाज ऐकून अनीसा धावली. मला फरशीवर उभं धरून तिने इकराला समोर बसवलं. "ठेव हात."

किती वर्षांनी मी फिरलो!

"दळिते मी तांदूळ, पीठ पडे जशी वाळू..."

अनीसा थांबली. माझा जीव टांगणीला लागला. सुट्टीत नानी थोपटताना कानावर पडलेलं इकराला आठवलं असावं. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोर हळूच म्हणाली,

"वाऱ्यावर दिवा माझा, एकटी किती सांभाळू?"

खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. हमीद खोकं तसंच धरून उभा राहिला.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात मांडू नका. माझ्यावर हात ठेवा, समोर कुणाला तरी बसवा. जैबूनबी अजून दळते आहे. तिला एकटीला दळू देऊ नका.