अकरा नंबरची खिडकी

सेहेचाळीस वर्षांची झाली तरी मीनाक्षीनं समुद्र पाहिला नव्हता, आणि आता तिचा धीर सुटत चालला होता. इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी, लग्न केलेलं नाही, मैत्रिणी आपापल्या संसारात अडकलेल्या. अगदी एकटीनं जाते म्हटलं की आई अन्नपाणी सोडायला निघायची. उरल्या ग्रुप टूर. आणि ग्रुप टूरमध्ये एकटी बाई म्हणजे सगळ्यांची हक्काची राखणदार!

महाबळेश्वरला तिनं चार कुटुंबांच्या बॅगा सांभाळल्या, तेवढ्यात मंडळी पॉइंट बघूनही आली. कासच्या पठारावर दिवसभर दुसऱ्यांचे फोटो काढले, तिचा स्वतःचा एकही नाही. पोरांच्या ग्रुपबरोबर ट्रेकला गेली, तर "काकू, तुम्ही खालीच थांबा, टेंटवर लक्ष राहील." एकटी म्हणजे रिकामी, असा सगळ्या जगानं समज करून घेतला होता.

म्हणून या वेळी कोकणची टूर ठरवताना तिनं गुलमंडीतल्या टूरवाल्या सुदर्शनच्या ऑफिसात वहीभर प्रश्न लिहून नेले. खोलीत सोबत कोण, बस कितीला सुटणार, मधेच सीट बदलणार का. सुदर्शन घाम पुसत म्हणाला, "मॅडम, इतकं तर पोलीसबी इचारत नाय. अकरा नंबर, खिडकी, तुमचीच. कुणी उठवलं तर मला बोला."

"खिडकीतून समुद्र दिसेल ना?"

"दिसंल म्हंजे? समुद्राला चिटकूनच रस्ता हाय!"

पावतीवर तिनं त्याच्याकडून 'अकरा, खिडकी' असं लिहून घेतलं.

बस पहाटे निघाली. शेजारी बारा नंबरला देवगाव रंगारीच्या द्वारकाबाई, पलीकडच्या दोन सीटांवर त्यांची सून मोनिका आणि लेक मेघा. मोनिकाचा नवरा शिवम तेवढा शेवटच्या रांगेत. पहिल्या चहाला बस थांबली आणि मोनिका गोड हसत आली. मीनाक्षीला ते हसू ओळखीचं होतं, पुढचं वाक्यही.

"ताई, तुम्ही एकट्याच हायेत ना? आमचे हे लई मागं पडलेत. तुम्ही जाता का मागं? एकट्या माणसाला काय, कुठंबी बसता येतं."

"नाही," मीनाक्षी म्हणाली.

ऐकू गेलं नसेल असं वाटून मोनिकानं परत सांगितलं. मीनाक्षीनं पावती दाखवली. मग द्वारकाबाई बोलल्या, मागून कुणी काका बोलले, आणि शेवटी खुद्द सुदर्शनच कान खाजवत म्हणाला, "मॅडम, समजून घ्या ना जरा. त्यांची फॅमिली हाय. तुमचं काय, तुम्ही एकट्या."

मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "एकटीचं तिकीट पूर्ण घेतलंस ना, सुदर्शन? मग सीटही पूर्णच दे."

ती हलली नाही. पुणं गेलं, ताम्हिणी घाट गेला, तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. द्वारकाबाईंनी धपाटे वाटले, तेही तिला वगळून. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. पण खिडकी तिनं सोडली नाही.

दिवेआगर मागं पडलं आणि बसमध्ये एकच गलका उठला. "समुद्र! समुद्र!"

मीनाक्षीनं काच पूर्ण सरकवली. समोर डोंगर. लाल माती, करवंदीच्या जाळ्या, पुन्हा डोंगर. समुद्र पलीकडच्या बाजूला होता.

वहीभर प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता. समुद्र कोणत्या हाताला येतो हे विचारायचं असतं, हे मराठवाड्यात जन्म काढलेल्या बाईला कुठून सुचणार! पलीकडच्या खिडक्यांना सगळी बस लोंबकळली होती आणि तिला दिसत होत्या नुसत्या पाठी. तेवढ्यात खिडकीतली मोनिका वळली आणि तिनं मोबाइल पुढं केला. राग विसरून म्हणाली, "ताई, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?"

मीनाक्षी उठली. द्वारकाबाईंचे गुडघे ओलांडून पलीकडे गेली, मोबाइल घेतला आणि सुदर्शनच्या हातात दिला.

"फोटो हा काढेल. तुम्ही जरा सरका."

"अवो, पण इथं जागा कुठंय?"

"एकट्या माणसाला काय," मीनाक्षी म्हणाली, "कुठंही बसता येतं."

मोनिका सरकली, आणि मीनाक्षी खिडकीत जाऊन बसली.